दगडाखालची ओल

शेखमामांचं नाव आधी घेतो, मग प्रवासाचं सांगतो. ते भेटले नसते तर मी या वाटेला गेलोच नसतो, आणि गेलो असतो तरी नुसतं पाणी बघून परत आलो असतो.

मामा आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पुण्याच्या कॉलेजांत शिपाई आणि परिचर हे सगळ्या मुलांचे मामाच असतात, पण मला ते खरोखर मामा झाले. मी तालुक्याच्या गावातून आलेलो. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली कोणाकडे आहे याबद्दल दोन मतं होती. प्रयोग आम्ही पाठ करून लिहिले आणि पास झालो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझे हात इतके कापले की ब्युरेट, ती मापाची लांब काचनळी, स्टँडला लावता लावता फुटली. सगळे हसले. त्याच संध्याकाळी बॅग भरून गावाकडे जायचं मी मनात पक्कं केलं होतं. मामा खाली बसून काचा गोळा करत होते. वर न बघता ते म्हणाले, "उद्या सातला ये. फोडायचंच असेल तर माझ्यासमोर फोड, म्हणजे मला झाडू एकदाच मारावा लागेल."

पुढचं अख्खं सत्र मामांनी रोज सकाळी सातला माझ्यासाठी दार उघडलं. बाटलीत जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं ती आधी तीनदा विसळायची, हे त्यांनी शिकवलं. वहीचं पान कधी फाडायचं नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि का चुकलं ते शेजारी लिहायचं. एका रविवारी ते मला नदीवर घेऊन गेले आणि पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला. वरचं पाणी आज सकाळी आलेलं असू शकतं, ते म्हणाले, खाली राहणाऱ्यांना विचार.

मामांना पूर्वीपासून कमी ऐकू येतं. त्यामुळे कोणी काही सांगायला गेलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "तोंडी नको, लिहून दे." आता ते निवृत्त होऊन विश्रांतवाडीला लेकीकडे राहतात. फोनवर त्यांना काही कळत नाही. म्हणून मी त्यांना अजून पत्र लिहितो, आणि या प्रवासाचं पत्रही लिहिलं.

कर्वेनगरहून निघताना

मी नद्यांचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. कुठल्या ओढ्याला किती पाणी वाहतं ते मोजून लिहिणं हे माझं काम. मे महिन्यात मला उंबरकोंडला पाठवलं. उंबरकोंड म्हणजे घाटमाथ्याच्या कुशीतली पंचवीस-तीस घरांची वस्ती. तिच्या वरच्या अंगाला नदीवर एक बंधारा बांधला आहे. त्या बंधाऱ्यातून नदीचं पाणी बोगद्यानं डोंगराच्या पलीकडल्या खोऱ्यात वळवतात. तिथून ते धरणात जातं आणि धरणातून पुण्याला येतं. मी कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि रोज सकाळी त्याच पाण्यानं तोंड धुतो, हे मला कामाचे कागद वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

उंबरकोंडकरांचा अर्ज अगदी साधा होता. बंधारा झाल्यापासून उन्हाळ्यात खाली पाणी येत नाही आणि गावाजवळचा देवाचा डोह आटतो. बंधाऱ्याच्या तळाला एक व्हॉल्व आहे, तो पाऊस येईपर्यंत थोडा उघडा ठेवावा. यावर निर्णय घेणाऱ्या समितीला एकच गोष्ट हवी होती: बंधाऱ्याच्या खाली, मे महिन्यात, झऱ्यांचं म्हणून किती पाणी वाहतं. ते पुरेसं असेल तर व्हॉल्वचा प्रश्नच नाही. आठवड्याभरात मी आकडा आणायचा होता.

गाडी अप्पांची. अप्पा लोणी काळभोरचे बागायतदार. शेती मुलांकडे सोपवून हौसेखातर जीप भाड्यानं चालवतात. साडेसातला ते सोसायटीच्या फाटकाशी आले तेव्हा माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. वाटेत खायला का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मोसंबं पाण्यात निम्मं बुडून तरंगतं, वाऱ्यानं भलतीकडे जात नाही, म्हणून दोन खुणांमधलं अंतर ते किती वेळात कापतं यावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. अप्पांनी बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

"म्हंजी लोकं प्यायला पानी मागत्यात, आन तुमी त्यात मोसंबी सोडाय निघालाय. चांगलं हाय, सायब. शिकल्याबिगर सुचत न्हाई असलं."

पुढे चांदणी चौक मागे पडेपर्यंत पाण्याचाच विषय चालला. अप्पांचं म्हणणं असं, की डोंगरातलं पाणी पुण्यात जातं तेव्हा ते पाणी असतं, आणि पुण्यातून लोणीला पोचतं तेव्हा त्याला काय म्हणायचं हे अजून गावात ठरलेलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तोंड त्याच पाण्यानं धुऊन निघालो होतो.

उंबरकोंड, पहिला दिवस

घाटाच्या अलीकडे डांबरी रस्ता संपतो आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात. अप्पांनी तीनदा गाडी थांबवली, तिन्ही वेळा इंजिन तापलंय असं सांगून, आणि तिन्ही वेळा जाळी पिकलेली होती. उंबरकोंडला पोचलो तेव्हा आम्हा दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या.

पारावर माणसं वाट पाहत होती. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात; इथे आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ आणि तांब्या, आणि मग बोलणं. पुढे होऊन सगळं बघत होत्या त्या हौसामावशी. पन्नाशीच्या, काटक, कासोटा घट्ट मारलेल्या. देवाच्या डोहाची यंदाची पाळी त्यांच्या घराची होती. उंबरकोंडची रीत अशी, की डोह आणि त्यातले मासे दरवर्षी एका घराच्या हवाली असतात. त्या घरानं रोज मुरमुरे किंवा भात घालायचा, कोणी गळ टाकत नाही ना हे बघायचं, आणि वर्षानं पुढच्या घराला भरला डोह द्यायचा. त्या माशांना कोणी खात नाही. मावशींच्या सासूच्या पाळीत, सासूच्या सासूच्या पाळीत कधी मासा मेलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात, शेजारच्या घराच्या पाळीत, पहिल्यांदा काही मासे उलटे तरंगले. ते घर अजून मान वर करून चालत नाही, असं मावशींनी हळू आवाजात सांगितलं. आता त्यांच्या पाळीचे पावसापर्यंतचे दिवस उरले होते.

मग आम्ही नदीवर गेलो, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. नदी वाहत होती. घोट्याच्या वर पाणी, स्वच्छ, दगडांवरून खळखळत, आणि खाली डोह काठोकाठ भरलेला. मावशींनी भात टाकला तशी हातभर लांबीचे मासे वर आले, सोनेरी पाठींचे, सावकाश वळणारे. अप्पांसारखा माणूस हात जोडून उभा राहिला.

मी तीस पावलांचं अंतर मोजून दोन खुणा केल्या. पात्राची रुंदी आणि खोली घेतली. मोसंबं सोडलं आणि ते डुलत डुलत गेलं. पोरंसोरं काठावरून पळाली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सहा वेळा मोसंबं सोडलं, सहाही वेळा वेग जवळजवळ सारखा आला. माझ्या वहीत इतकं सुरेख पान यापूर्वी कधी झालं नव्हतं. मी आकडा लिहिला आणि त्याखाली दुहेरी रेघ ओढली. मनात विचार आला तो इथे प्रामाणिकपणे सांगतो: बोगदा असूनही नदी जिवंत आहे, म्हणजे पुण्यात तोंड धुताना वाईट वाटायला नको.

जेवण मावशींकडे. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कैरीची चटणी, आणि वर फणसाचे गरे. आमच्या भागात ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही. तांदळाची ही मऊ, पांढरी भाकरी मी आधी पोळीसारखी फाडायला गेलो, तेव्हा मावशींनी ती ताटात मोडून दिली. अप्पांनी किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही. ते मोजणं माझ्या कामात नव्हतं.

दगड

दुपारी पाण्याचा नमुना घ्यायला मी एकटाच परत नदीवर गेलो. बाटली पाण्यात बुडवून विसळली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात पाण्यात थोडा जास्त वेळ राहिला आणि जाणवलं की पाणी कोमट आहे. डोंगरातल्या झऱ्याचं, सावलीतून येणारं पाणी इतकं कोमट कसं, असं वाटून मी वर बघितलं. पाण्याबरोबर वाळकी पानं येत होती. एका पानावर मुंग्या होत्या, पाचसहा, भांबावून इकडून तिकडे फिरणाऱ्या. जिथे कायम पाणी वाहतं तिथे मुंग्या कशाला जातील?

मी दगड उलटला.

खाली बुळबुळीतपणा नव्हता. शेवाळ नव्हतं, किडा नव्हता, काहीच नव्हतं. दुसरा उलटला. त्याच्या खोबणीत कोळ्याचं जाळं होतं, भिजून चिकटलेलं. तिसऱ्याखालीही तेच.

मी तसाच वर चालत गेलो. दोन वळणं ओलांडल्यावर नदीच्या पात्रात मातीनं भरलेल्या पोत्यांचा बांध दिसला, मधोमध फोडलेला. काढलेली पोती काठावर नीट रचून ठेवली होती. बांधामागे मोठं तळं असल्याच्या ओल्या खुणा होत्या, आणि तळाशी उरलेलं पाणी त्या फटीतून निघून चाललं होतं. त्याच्याही वर पात्र पांढरं पडलं होतं. काठच्या वाळुंजाच्या झाडांची पानं गळालेली.

मावशी माझ्या मागून आल्या होत्या. मी विचारलं की हा बांध कधी फोडला. आज पहाटे, त्या म्हणाल्या. कोणी? सगळ्यांनी मिळून. मग हळूहळू सगळं सांगितलं. हिवाळ्यात झरे चालू असताना गावानं हे पाणी अडवलं होतं. मे महिन्यात रोज थोडं थोडं सोडून डोह पावसापर्यंत जगवायचा, असा बेत होता. पण पुण्याहून नदी बघायला माणसं येणार असा निरोप आला आणि गावाचा जीव कासावीस झाला.

"पावन्याला कोरडी नदी दावायची व्हय? दारात आल्याला रिकामी घागर दावल्यावानी झालं ते," मावशी म्हणाल्या. "आमाला वाटलं, नदी किती देखणी हाये ते तुमी बघाल, तवा तुमालाच वाटंल की ही जगाया पायजे."

मी त्यांना मोसंब्यांचा हिशोब सांगितला. या आकड्यानं समिती म्हणेल की नदीला पाणी भरपूर आहे, व्हॉल्व उघडायची गरज नाही. मावशी खाली बसल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. पावसापर्यंतचं माशांचं पाणी त्यांनी माझ्या पाहुणचारात एका सकाळी वाहून दिलं होतं.

तेवढ्यात अप्पा मोसंबं सोलत वर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते फुटलेल्या बांधाकडे बघून म्हणाले, "मावशे, पुन्यात पावना आला तर लोकं टाकीचा नळ बंद करून पानी गेलंय म्हंत्यात. तुमी तर आख्खी नदीच पावन्याच्या पायावर वतली बघा." मावशींना हसू आवरलं नाही. मग मलाही.

वाट बघण्याचे दोन दिवस

खरा आकडा मिळवायचा तर सोडलेलं पाणी पूर्ण ओसरू द्यायला हवं. ऑफिसला कळवून आम्ही राहिलो. दोन दिवस मध्ये होते, म्हणून अप्पा आणि मी डोंगर वळसा घालून बोगद्याचं दुसरं तोंड बघायला गेलो.

मी असं काही पाहिलं नव्हतं. डोंगराच्या पोटातून पाणी गर्जत बाहेर पडत होतं, थंडगार, फेसाळ. अप्पांनी कपडे काढून उडी मारली आणि दात वाजवत बाहेर आले. पण खाली अर्धा मैल चाललो तेव्हा दुसरी बाजू दिसली. त्या खोऱ्यातला ओढा लहान पाण्यासाठी घडलेला होता. त्यात बाराही महिने दुसऱ्याच्या नदीचं पाणी घातलेलं. काठ कापले गेले होते, उंबरांची मुळं हवेत लोंबत होती. भाताची दोन खाचरं निम्मी वाहून गेली होती, आणि पलीकडे जायचे पाऊलवाटेचे दगड पाण्याखाली गेले होते. तिथल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला ताक दिलं आणि विचारलं, तिकडे पाणी नाही म्हणून रडतात का? इकडे आहे म्हणून आम्ही वैतागलोय. वाटून घेता येत नाही का?

उंबरकोंडला परतलो तर गावानं बांध पुन्हा रचायला घेतला होता. अडवायला पाणी नव्हतं, तरी. अप्पांनी मातीच्या पोत्यांची तोंडं शिवली. त्यांच्या टाक्यांची तारीफ झाली आणि ते दिवसभर फुगून होते. मी पोती उचलली. रात्री जेवताना मावशी मला 'सायब' म्हणायच्या थांबल्या आणि 'पोरा' म्हणू लागल्या.

तिसऱ्या सकाळी नदीवर गेलो. त्याच खुणा, तेच पात्र. दगडांमधून पाण्याची एक रेघ तेवढी होती. मी मोसंबं ठेवलं. ते हललं नाही. गाव काठावर उभं होतं, कोणी हसलं नाही. मी पुन्हा ठेवलं. ते दोन गोट्यांच्या मध्ये बसलं ते बसलंच. शेवटी मावशींनी वाकून ते उचललं, सोललं आणि एकेक फोड सगळ्यांना वाटली.

मोसंबं चालत नाही तिथे डबा चालतो, हेही मामांनीच शिकवलेलं. ती रेघ मी पानाच्या पन्हळीतून मावशींच्या स्टीलच्या डब्यात घेतली आणि घड्याळ लावलं. डबा भरेपर्यंत अप्पांचा चहा पिऊन झाला, कपबशी विसळूनही झाली. खाली डोह काठापासून दोन बोटं उतरला होता. मावशींनी काठाच्या दगडावर कोळशानं खूण केली आणि माझ्याकडे बघितलं.

पुन्हा पुणे

परतीच्या वाटेवर एकच प्रश्न माझ्या डोक्यात सारखा होता. वहीत दोन पानं होती. पहिल्यावर दुहेरी रेघेचा सुंदर आकडा, दुसऱ्यावर डब्याचा. पहिलं पान फाडलं तर कोणी विचारणार नव्हतं. समितीसमोर एकच आकडा जाईल आणि मावशींचे मासे वाचतील. ठेवलं तर कोणीही म्हणेल की गावानं पाण्याशी खेळ केला, यांचं काय खरं मानायचं. अप्पांनी सरळ सांगितलं, फाडा. मी वही मांडीवर उघडली. मग पहिल्या आकड्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: 'पाहुण्यांना नदी कोरडी दिसू नये म्हणून गावानं स्वतःचा बांध पहाटे फोडला. दगडाखाली कोळ्याची जाळी. पाणी कोमट. हा आकडा धरू नये.'

समितीची बैठक शिवाजीनगरला झाली. मी मागच्या खुर्चीवर होतो. अध्यक्ष एक वयस्कर अभियंता होते. त्यांनी वही मागून घेतली आणि ते खोडलेलं पान बराच वेळ वाचत राहिले. पुढे काय झालं ते मामांना लिहिलंच आहे. तेच पत्र इथे देतो.

*

ती. शेखमामांस,

सा. न. वि. वि.

मामा, व्हॉल्व उघडला. अध्यक्षांनी मला एकच प्रश्न विचारला, हे पान का फाडलं नाही. मी म्हटलं, मला तसं शिकवलेलं नाही. ते म्हणाले, ज्यानं आपल्या विरुद्धचा आकडा ठेवलाय त्याचा दुसरा आकडा मी खरा धरतो. इतकं पाणी सोडलं तर पुण्याच्या नळांना कळणारही नाही, असंही ते म्हणाले. पाऊस लागेपर्यंत व्हॉल्व थोडा उघडा राहील, आणि पुढच्या उन्हाळ्यांचा विचार मोजमाप बघून करणार आहेत. मोजायला मीच जाणार.

आठ दिवसांनी मी आणि अप्पा पुन्हा गेलो. घोट्याला लागेल एवढंच पाणी आहे, पण थंड आहे. डोह हौसामावशींनी केलेल्या कोळशाच्या खुणेच्या वर आला आहे. मासे सगळे आहेत. मी आधी काही बघितलं नाही, मामा, वाकून दगड उलटला. खाली बुळबुळीत लागलं. शेवाळाचा अगदी पातळ थर, आणि त्यात नखाएवढा एक किडा, उजेड बघून पळणारा. मी त्याला परत झाकून ठेवलं.

मावशींनी विचारलं, पोरा, दगड उलटायला तुला कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या मामांना घेऊन ये. पोटभर जेवू घालू, आणि या वेळी बांध फोडणार नाही. नदी जशी असेल तशी दाखवू, त्यांना चालेल.

अप्पा रविवारी सकाळी सातला गाडी विश्रांतवाडीला घेऊन येतील. येणार की नाही ते कळवा. तोंडी नको, लिहून द्या.

तुमचा,
ब्युरेट फोडणारा